एकाच आईची मुले, दोन समाजांतील वंशज

अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचे लेखक आणि त्या देशाचे तिसरे अध्यक्ष थॉमस जेफरसन यांच्या मळ्यावर गुलाम म्हणून जन्मलेल्या चार भावंडांची कहाणी वंशावळीच्या अभ्यासकांना दीर्घकाळ खुणावत आली आहे. या चौघांपैकी तिघे पुढे गोऱ्या समाजात मिसळून गेले. एकाने अखेरपर्यंत कृष्णवर्णीय म्हणूनच आयुष्य काढले. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत एखाद्या कुटुंबाच्या पुढच्या पिढ्या शोधणे इतके अवघड का ठरते आणि तरीही तो शोध कसा लागतो, हे समजून घेण्यासाठी व्हर्जिनियातील या हेमिंग्ज घराण्याइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

आईवरून ठरणारे भवितव्य

या घराण्याची ज्ञात सुरुवात एलिझाबेथ ऊर्फ बेटी हेमिंग्ज यांच्यापासून होते. त्यांचा जन्म १७३५ च्या सुमारास झाला. आई आफ्रिकेतून आणलेली गुलाम स्त्री आणि वडील हेमिंग्ज नावाचा इंग्रज जहाजाचा कप्तान, असे कुटुंबात सांगितले जात असे. बेटी या जॉन वेल्स नामक वकील आणि गुलामांच्या व्यापाऱ्याच्या मालकीच्या होत्या. वेल्सपासून त्यांना सहा मुले झाली, असे घराण्याची परंपरा सांगते. त्यांपैकी सर्वांत धाकटी सॅली. तिचा जन्म १७७३ चा, आणि त्याच वर्षी वेल्स निवर्तले. त्यांची कन्या मार्था ही थॉमस जेफरसन यांची पत्नी असल्याने वारशाने मिळालेल्या इतर संपत्तीबरोबर बेटी आणि त्यांची मुलेही जेफरसन यांच्या मॉन्टिसेलो या मळ्यावर आली. म्हणजेच सॅली ही जेफरसन यांच्या पत्नीची सावत्र बहीण होती आणि त्याच घरातील गुलामही होती.

हे शक्य झाले ते कायद्यामुळे. व्हर्जिनियाने १६६२ मध्येच असा कायदा केला होता की, अपत्य स्वतंत्र की गुलाम, हे त्याच्या आईच्या दर्जावरून ठरेल. बाप कोणीही असो, गुलाम स्त्रीचे मूल मालकाची मालमत्ता ठरे. याउलट वर्ण ठरविण्याचा नियम निराळा होता. १७८५ च्या कायद्यानुसार ज्याच्या पूर्वजांत एक चतुर्थांश किंवा त्याहून अधिक कृष्णवर्णीय अंश असेल, त्याला ‘मुलॅटो’ म्हणजे मिश्रवर्णीय समजले जाई. सॅली यांच्या मुलांमध्ये हा अंश एक अष्टमांश होता. त्यामुळे ती मुले वर्णाने कायद्याच्या दृष्टीने गोरी ठरत होती आणि दर्जाने मात्र गुलाम होती. पुढे या भावंडांच्या वाटा वेगळ्या झाल्या, त्याचे बीज या विसंगतीत आहे.

शेतवहीतील नोंदी

गुलामांच्या वंशजांपुढील पहिली अडचण अशी की, त्यांच्या पूर्वजांनी स्वतः लिहून ठेवलेले कागद फारच थोडे आहेत. जे आहेत, ते मालकांचे. जेफरसन १७७४ पासून एक शेतवही ठेवत असत. बियाणे, जनावरे, कापड, धान्य यांच्या हिशेबांबरोबर गुलामांचे जन्म, मृत्यू आणि त्यांना वाटलेली घोंगडी यांच्याही नोंदी तीत आहेत. सॅली हेमिंग्ज यांच्या अपत्यांचे जन्म याच वहीत सापडतात. त्यांतील चौघे मोठी झाली. १७९८ मध्ये बेव्हर्ली, १८०१ मध्ये हॅरिएट, १८०५ मध्ये मॅडिसन आणि १८०८ मध्ये एस्टन. वडिलांचे नाव कोठेही नाही.

सॅली वयाच्या चौदाव्या वर्षी, १७८७ मध्ये, जेफरसन यांच्या धाकट्या मुलीबरोबर पॅरिसला गेली होती. तेव्हा जेफरसन तेथे अमेरिकेचे राजदूत होते आणि त्यांच्या पत्नीच्या निधनाला पाच वर्षे झाली होती. फ्रान्समध्ये सॅलीला स्वातंत्र्य मागता आले असते. तथापि, होणारी मुले एकविसाव्या वर्षी मुक्त केली जातील, या वचनावर ती १७८९ मध्ये व्हर्जिनियास परतली, असे तिचा मुलगा मॅडिसन यांनी पुढे सांगितले. हे वचन पाळले गेल्याचे कागदपत्रांतून दिसते. १८२२ मध्ये बेव्हर्ली आणि हॅरिएट मळा सोडून गेले. शेतवहीत त्यांच्या नावापुढे ‘पळाले’ एवढीच नोंद आहे. मळ्याच्या मुकादमाने मात्र आठवण सांगितली की, जेफरसन यांच्याच सांगण्यावरून त्याने हॅरिएटला ५० डॉलर आणि फिलाडेल्फियापर्यंतचे घोडागाडीचे भाडे दिले होते. कागदावर पळालेली मुलगी प्रत्यक्षात निरोप देऊन पाठविलेली होती! मालकाचा कागद किती सावधपणे वाचावा लागतो, याचे हे उदाहरण होय.

४ जुलै १८२६ रोजी जेफरसन यांचे निधन झाले. मृत्युपत्रान्वये त्यांनी अवघ्या पाच जणांना मुक्त केले. ते पाचही जण हेमिंग्ज घराण्यातील होते आणि त्यांत मॅडिसन व एस्टन हे दोघे होते. मुक्त झालेल्या गुलामाने बारा महिन्यांत व्हर्जिनिया सोडावे, असा १८०६ चा कायदा असल्याने या पाच जणांना राज्यात राहू देण्याची विनंतीही जेफरसन यांनी मृत्युपत्रात केली होती. मृत्युपत्रात सॅली यांचा उल्लेख नाही. जेफरसन यांच्या मुलीने त्यांना अनौपचारिकरीत्या जाऊ दिले आणि त्या दोन्ही मुलांसह शार्लट्सव्हिल गावात राहू लागल्या.

इतरांच्या वाट्याला लिलाव आला. जेफरसन मोठे कर्ज मागे ठेवून गेले होते. ते फेडण्यासाठी जानेवारी १८२७ मध्ये मॉन्टिसेलो येथे १३० गुलामांची विक्री पुकारण्यात आली. बेटी यांचे नातू जोसेफ फॉसेट हे मळ्यावरील लोहार. मुक्त झालेल्या पाच जणांत ते होते, पण त्यांची पत्नी एडिथ आणि मुले मात्र निरनिराळ्या गिऱ्हाइकांना विकली गेली. जोसेफ यांनी पुढे पत्नी व काही मुलांची सुटका करविली आणि १८४० च्या सुमारास ते ओहायोतील सिनसिनाटी शहरी गेले. त्यांचा मुलगा पीटर लिलावाच्या वेळी ११ वर्षांचा होता. त्याला मुक्त होण्यास आणखी सुमारे दोन तपे लागली. हेच पीटर फॉसेट पुढे सिनसिनाटीतील नामवंत भोजन-व्यावसायिक आणि बाप्टिस्ट धर्मोपदेशक झाले. अशा एकेका लिलावात एक कुटुंब अनेक मालकांच्या वह्यांत विखुरले जाई आणि वंशावळीचा धागा तुटे.

दोन भाऊ, दोन वाटा

सॅली हेमिंग्ज यांचे निधन १८३५ मध्ये झाले. त्यांच्याबाबतच्या शेवटच्या दोन सरकारी नोंदी विलक्षण आहेत. १८३० च्या जनगणनेत त्यांना आणि त्यांच्या मुलांना ‘गोरे’ असे नोंदविलेले आहे. तीनच वर्षांनी, १८३३ मध्ये झालेल्या स्वतंत्र कृष्णवर्णीयांच्या विशेष गणनेत त्यांची नोंद ‘मुलॅटो’ अशी आहे. माणूस तोच, गाव तेच. बदलला तो केवळ रकाना. अमेरिकी जनगणनेत त्या काळी वर्ण ठरे तो बहुधा दारात उभ्या असलेल्या प्रगणकाच्या मतावर. पूर्वजांचा शोध घेताना केवळ एका रकान्यावर विसंबून राहणारा अभ्यासक येथे हमखास चुकतो.

आईच्या मृत्यूनंतर दोन्ही भाऊ ओहायोला गेले. मॅडिसन १८३६ मध्ये, तर एस्टन त्यानंतर एक-दोन वर्षांनी. ओहायोत गुलामगिरी नव्हती, मात्र कृष्णवर्णीयांना मताधिकारही नव्हता. मॅडिसन सुतारकामात निष्णात होते. मामा जॉन हेमिंग्ज यांच्या हाताखाली ते मॉन्टिसेलो येथेच शिकले होते. त्यांनी मेरी मॅकॉय या स्वतंत्र कृष्णवर्णीय स्त्रीशी विवाह केला होता. घरे बांधीत, शेती करीत त्यांनी ६६ एकर जमीन केली आणि कृष्णवर्णीय वस्तीतच संसार केला.

एस्टन यांनी चिलिकॉथी या गावात व्हायोलिनवादक म्हणून नाव मिळविले. गोऱ्यांच्या नृत्यसमारंभांत त्यांच्या वाद्यवृंदाला मोठी मागणी असे. त्यांच्या पत्नी ज्युलिया या एका ज्यू व्यापाऱ्याच्या आणि स्वतंत्र मिश्रवर्णीय स्त्रीच्या कन्या होत्या. १८५० मध्ये पलायन केलेल्या गुलामांविषयीचा कठोर कायदा संमत झाला आणि स्वतंत्र कृष्णवर्णीयांनाही पकडून दक्षिणेत नेले जाण्याचे भय वाढले. १८५२ मध्ये एस्टन यांनी कुटुंबासह विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन हे शहर गाठले. तेथे ते हेमिंग्ज राहिले नाहीत. त्यांनी जेफरसन हे आडनाव घेतले आणि कुटुंब गोरे म्हणून राहू लागले. चार वर्षांतच, १८५६ मध्ये, त्यांचे निधन झाले.

या निर्णयाचे परिणाम पुढच्या पिढीत स्पष्ट दिसतात. एस्टन यांचे ज्येष्ठ पुत्र जॉन वेल्स जेफरसन हे यादवी युद्धात आठव्या विस्कॉन्सिन पायदळ पलटणीत अधिकारी होते आणि कर्नलपदापर्यंत चढले. त्या काळी कृष्णवर्णीय सैनिकांच्या पलटणी वेगळ्या असत. चिलिकॉथीत लहानपणी ओळखणारा एक गृहस्थ युद्धकाळात त्यांना भेटला, तेव्हा आपल्या कुळाची गोष्ट कोणास सांगू नये, अशी विनवणी त्यांनी केल्याची आठवण ओहायोतील एका वृत्तपत्राने १९०२ मध्ये छापली. धाकटे पुत्र बेव्हर्ली यांनी मॅडिसन शहरात उपाहारगृह आणि घोडागाड्यांचा व्यवसाय भरभराटीस आणला.

दुसरीकडे मॅडिसन यांची कन्या एलेन आणि जावई अँड्र्यू रॉबर्ट्स लॉस एंजेलिसला स्थायिक झाले. त्यांचे पुत्र फ्रेडरिक मॅडिसन रॉबर्ट्स हे १९१८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या विधानसभेवर निवडून आले. त्या सभागृहातील ते पहिले आफ्रिकन अमेरिकन सदस्य होते. अर्थात या शाखेतही काही जण पुढे गोऱ्या समाजात गेले आणि त्यांचे आप्तांशी संबंध तुटले. वर्ण ओलांडण्याची किंमत हीच होती. नवे आयुष्य मिळे, पण भाऊबहीण, आईवडील आणि आडनाव मागे टाकावे लागे.

१८७० ची भिंत

आफ्रिकन अमेरिकन वंशावळींचा शोध घेणाऱ्यांत ‘१८७० ची भिंत’ असा शब्दप्रयोग रूढ आहे. अमेरिकेत दर दहा वर्षांनी जनगणना होते. १८५० पर्यंत तीत केवळ कुटुंबप्रमुखाचे नाव लिहिले जाई. त्या वर्षापासून घरातील प्रत्येक स्वतंत्र व्यक्तीचे नाव येऊ लागले. गुलामांची गणना मात्र १८५० आणि १८६० मध्ये स्वतंत्र तक्त्यांवर झाली आणि त्या तक्त्यांवर नाव असे ते मालकाचे. त्याखाली गुलामांचे केवळ वय, लिंग आणि वर्ण. १८६५ मध्ये गुलामगिरी संपुष्टात आल्यानंतर १८७० च्या जनगणनेत लक्षावधी माणसांची नावे सरकारदरबारी प्रथमच उमटली.

त्यामुळे शोध उलट्या क्रमाने चालतो. जनगणनेची मूळ पाने ७२ वर्षांनी जनतेसाठी खुली होतात. १९५० ची पाने २०२२ मध्ये खुली झाली. तेथून एकेक दशक मागे जात अभ्यासक १८७० पर्यंत पोहोचतो. वाटेत १८९० ची जनगणना जवळजवळ संपूर्ण गहाळ आहे, कारण १९२१ मध्ये वॉशिंग्टन येथे लागलेल्या आगीत तिची पाने नष्ट झाली. १८७० च्या पलीकडे जायचे, तर पूर्वजांच्या मालकाचा शोध लावावा लागतो आणि त्या मालकाची मृत्युपत्रे, कर्जखते, खरेदीखते आणि मालमत्तेच्या याद्या चाळाव्या लागतात. स्वतःची वंशावळ सापडण्यासाठी आधी मालकाची वंशावळ शोधावी लागते, ही यातील वेदना आहे.

काही कागद मात्र गुलामगिरीतून सुटलेल्यांच्या बाजूने बोलतात. मुक्त झालेल्यांसाठी १८६५ मध्ये स्थापन झालेल्या आणि १८७४ मध्ये बुडालेल्या फ्रीडमन्स बँकेत खाते उघडताना आईवडील, भावंडे, जोडीदार आणि पूर्वीचे मालक यांची नावे विचारली जात. बँकेत अनेकांची पुंजी बुडाली. खात्यांच्या नोंदी मात्र राहिल्या. युटा राज्याच्या तुरुंगातील कैद्यांनी अनेक वर्षे खपून त्या नोंदींतील सुमारे ४ लाख ८० हजार नावांची सूची तयार केली आणि ती २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. युद्धानंतर कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांत हरवलेल्या आप्तांच्या शोधाच्या जाहिराती दीर्घकाळ येत असत. विकली गेलेली आई, दुसऱ्या राज्यात नेलेला भाऊ, पूर्वीच्या मालकाचे नाव एवढ्या तपशिलावर माणसे एकमेकांना शोधीत होती. आज त्या जाहिरातीही वंशावळीचा मोलाचा पुरावा ठरल्या आहेत.

१८७३ ची साक्ष

हेमिंग्ज घराण्याबाबत १८७० च्या जनगणनेने एक अनपेक्षित नोंद मागे ठेवली. ओहायोतील रॉस काउंटीत मॅडिसन यांच्या नावाजवळ प्रगणकाने, ‘हा थॉमस जेफरसन यांचा पुत्र आहे’, अशा अर्थाचा शेरा लिहिला. तीन वर्षांनी, १३ मार्च १८७३ रोजी, ‘पाइक काउंटी रिपब्लिकन’ या स्थानिक वृत्तपत्रात मॅडिसन यांचे आत्मकथन प्रसिद्ध झाले. आजीचा जन्म, आईचा पॅरिसमधील मुक्काम, जेफरसन यांचे वचन, चारही भावंडांची पुढील हकिकत असा सारा वंशवृत्तांत ६८ वर्षांच्या या सुताराने सांगितला. जेफरसन नातवंडांवर माया करीत, आपल्याला मात्र त्यांच्याकडून पित्याचे प्रेम मिळाले नाही, हेही त्याने नोंदविले. त्याच वर्षाच्या अखेरीस मॉन्टिसेलो येथील आणखी एका माजी गुलामाने, इझ्रायल जेफरसन यांनी, याच पत्रातून मॅडिसन यांच्या कथनास दुजोरा दिला.

योगायोग असा की, याच १८७३ मध्ये महात्मा जोतीराव फुले यांचा ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि तो त्यांनी गुलामांना दास्यत्वातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. त्या अमेरिकेत मॅडिसन यांच्या वाट्याला मात्र उपहास आला. प्रतिस्पर्धी वृत्तपत्राने त्यांची खिल्ली उडविली. जेफरसन यांच्या नातवंडांनी या मुलांचे पितृत्व जेफरसन यांच्या भाच्यांकडे, पीटर आणि सॅम्युअल कार यांच्याकडे, बोट दाखवून झटकले होते. चरित्रकारांनी शंभर वर्षे नातवंडांचा शब्द प्रमाण मानला आणि मॅडिसन यांचा डावलला. त्यांच्या कथनातील अनेक तपशील शेतवहीशी आणि इतर कागदांशी जुळतात का, हे पाहण्याची तसदी फार थोड्यांनी घेतली. इतिहासकार ॲनेट गॉर्डन-रीड यांनी १९९७ मधील आपल्या पुस्तकात नेमक्या याच पक्षपातावर बोट ठेवले. सॅली यांच्या प्रत्येक अपत्याच्या गर्भधारणेच्या काळात जेफरसन मॉन्टिसेलो येथे होते, ही बाबही कागदपत्रांतून आधीच पुढे आलेली होती.

गुणसूत्रांचा कौल

नोव्हेंबर १९९८ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात जनुकीय चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसेच्या तसे जाते. त्यामुळे सलग पुरुष-वंशज उपलब्ध असतील, तर दोन शाखांचा पूर्वज एकच होता का, हे ताडता येते. जेफरसन यांचा एकही औरस पुत्र जगला नव्हता. म्हणून त्यांच्या काकांच्या शाखेतील पुरुषांचे रक्तनमुने घेण्यात आले. एस्टन यांच्या वंशजाचे वाय गुणसूत्र त्यांच्याशी जुळले. कार घराण्याशी ते जुळले नाही आणि नातवंडांचा खुलासा मागे पडला. जेफरसन हेच आपले मूळ पुरुष, असे सांगणाऱ्या वुडसन या दुसऱ्या एका कृष्णवर्णीय घराण्याचे नमुने मात्र जुळले नाहीत. कौटुंबिक परंपरा खरी ठरते तशी खोटीही ठरू शकते, हे या एकाच चाचणीने दाखवून दिले.

या चाचणीला मर्यादाही आहेत. पितृत्व जेफरसन घराण्यातील पुरुषाचे, एवढेच ती सांगते. कोणत्या पुरुषाचे, ते सांगत नाही. मुलींकडून चालत आलेल्या शाखांना ती लागूच पडत नाही. म्हणून मॉन्टिसेलोची व्यवस्था पाहणाऱ्या प्रतिष्ठानने जनुकीय निष्कर्ष, शेतवही, जेफरसन यांच्या मुक्कामाच्या तारखा आणि मॅडिसन यांची साक्ष एकत्र तपासली आणि जेफरसन हेच या मुलांचे वडील असण्याची शक्यता प्रबळ असल्याचे जानेवारी २००० मध्ये जाहीर केले. २००१ मध्ये अभ्यासकांच्या दुसऱ्या एका गटाने त्यावर आक्षेप घेऊन जेफरसन यांचे धाकटे बंधू रँडॉल्फ यांच्याकडे निर्देश केला. आज बहुसंख्य इतिहासकार प्रतिष्ठानच्याच बाजूचे आहेत.

आठवणींचे दप्तर

मॉन्टिसेलो येथे १९९३ मध्ये एक मौखिक इतिहास प्रकल्प सुरू झाला. तेथील गुलामांच्या वंशजांना शोधून त्यांच्या घरांत चालत आलेल्या आठवणी नोंदविणे, हा त्याचा हेतू. ओहायोतील वंशजांपासून सुरू झालेल्या या कामातून पाच-सहा पिढ्या जपलेल्या हकिकती पुढे आल्या. मॅडिसन यांच्या शाखेत जेफरसन यांच्याशी असलेले नाते आई मुलांना आणि आजी नातवंडांना सांगत आली होती. एस्टन यांच्या गोऱ्या शाखेत मात्र ही आठवण हेतुतः पुसण्यात आली होती. आपण जेफरसन यांच्या एखाद्या नातलगाचे वंशज, एवढेच मुलांना सांगितले जाई. १९७० च्या दशकात प्रसिद्ध झालेले जेफरसन यांचे एक चरित्र वाचताना या शाखेतील एका स्त्रीला त्यात आपल्या पूर्वजाचे नाव आढळले आणि तुटलेला धागा पुन्हा हाती आला. त्या धाग्यामुळेच पुढे जनुकीय चाचणीसाठी वंशज मिळू शकला. आठवण नसती, तर प्रयोगशाळेला तपासायला काही उरले नसते.

नाते सिद्ध होणे आणि ते मान्य होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मॉन्टिसेलो येथील जेफरसन यांच्या कौटुंबिक दफनभूमीची मालकी त्यांच्या औरस वंशजांच्या संघटनेकडे आहे. हेमिंग्ज वंशजांना सदस्यत्व देण्यास या संघटनेने २००२ मध्ये बहुमताने नकार दिला. प्रतिष्ठानने मात्र जून २०१८ मध्ये सॅली हेमिंग्ज यांच्या जीवनावरील कायमस्वरूपी दालन मॉन्टिसेलो येथे खुले केले. तेथे पर्यटकांपुढे जे कथन मांडले जाते, त्याचा मुख्य आधार १८७३ ची तीच साक्ष आहे.

बेव्हर्ली आणि हॅरिएट या थोरल्या दोन भावंडांचे वंशज अद्याप कोणालाही सापडलेले नाहीत. दोघांनीही गोऱ्या जोडीदारांशी विवाह केले, बेव्हर्ली यांना एक मुलगी झाली आणि हॅरिएट यांचा संसार वॉशिंग्टनमध्ये होता, एवढे मॅडिसन यांनी सांगून ठेवले आहे. भावंडांची नवी नावे त्यांनी उघड केली नाहीत. बहिणीच्या कुळाविषयी तेथे कोणालाही संशय आल्याचे आपल्या ऐकिवात नाही, असे त्यांनी म्हटले होते. ज्यांच्या स्वतःच्या शब्दावर जगाने शंभर वर्षे विश्वास ठेवला नाही, त्यांनी बहिणीचे गुपित मात्र अखेरपर्यंत राखले.